पट्ट्यांनी पोरं कच्ची राहतात म्हणे!

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं, की अपूर्णांक शिकवायला कागदाच्या पट्ट्या आणि चकत्या वापरणं हा पोरखेळ आहे. पूर्वीची मुलं पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, घोकून पक्की व्हायची. पट्ट्यांत तास वाया जातात, आणि परीक्षेला काय पट्ट्या घेऊन जाणार? मी पाचवीला गणित शिकवते, म्हणून हे उत्तर.

आधी पावकी. माझ्या आजीला ती तोंडपाठ होती, पण नुसती घोकून नव्हे. इतवारीतल्या किराणा दुकानात पावशेर, अच्छेर, शेर ही मापं ती रोज बघायची, हाताळायची. शेराचे सोळा छटाक, त्यातले चार म्हणजे पावशेर. हे हाताळायचं साहित्य नाही तर काय? शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी या सगळ्या पावाच्याच हिशोबातल्या. दोन तृतीयांश आले की पावकीचं तोंड बंद.

आता पोरखेळ. १/२ + १/३ फळ्यावर लिहिलं की निम्मा वर्ग २/५ म्हणतो. अंशात अंश, छेदात छेद, सरळ बेरीज! मी चूक म्हणत नाही, पट्ट्या काढायला लावते. एकाच लांबीच्या पट्ट्या, एकीचे दोन भाग, एकीचे तीन, एकीचे पाच. एक पोट्टा पाचवालीचे दोन भाग अर्ध्याच्या पट्टीखाली ठेवतो आणि थबकतो. "मॅडम, हे तं अर्ध्याहूनबी कमी आहे!" अर्ध्यात काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्याला मी सांगितलेलं नसतं. मग सहा भागांची पट्टी येते: अर्ध्यात तीन बसतात, तिसऱ्या हिश्श्यात दोन. समच्छेद करणं म्हणजे काय, ते त्याला इथे दिसतं.

वेळ जातो, हे कबूल. पहिल्या आठवड्यात जातोच. पण २/५ सातवीपर्यंत खोडत बसण्यापेक्षा तो परवडतो.

एका बाबतीत मात्र मजकुराशी माझं भांडण नाही. साहित्य नुसतं हातात दिलं की काम झालं, असं नाही. मीच एकदा संत्री नेली होती, नागपूर म्हणून हौसेनं. एकात दहा फोडी, दुसऱ्यात अकरा, त्याही लहानमोठ्या. 'समान भाग' शिकवायला इतकी वाईट वस्तू शोधून सापडणार नाही. तास खाण्यात गेला. २०१३ साली गणित शिकवताना असं साहित्य वापरण्यावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही हेच दिसलं: एकंदरीत साहित्याचा फायदा होतो, पण शिक्षक किती मार्गदर्शन करतो त्यावर तो कमीजास्त होतो.

राहिली परीक्षा. पट्ट्या कायमच्या नसतातच. आधी हातात, मग वहीत चित्र, मग नुसते आकडे. परवाच्या चाचणीत एकीनं पेपरच्या कडेला पेन्सिलीनं एक लांब चौकट आखून तिचे सहा भाग केले होते. नंतर खोडलेलं दिसत होतं. उत्तर ५/६.