ऑटोमॅटिकमध्ये ड्रिफ्ट होत नाही म्हणे!

गाड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा: ऑटोमॅटिकला क्लच नाही, म्हणून तिच्यात ड्रिफ्ट अशक्य. ऐन वळणात गिअरबॉक्स स्वतःच गिअर बदलून टाकतो. हँडब्रेक ओढलात तर गिअरबॉक्सची वाट लागते. आणि तरीही हौस असेलच, तर गाडी एनमध्ये (न्यूट्रल) घ्या, रेस वाढवा आणि खटकन डीमध्ये (ड्राइव्ह) टाका. यातल्या एक-दोन मुद्द्यांत अर्धं तथ्य आहे. शेवटचा सल्ला मात्र गॅरेजवाल्याच्या भल्यासाठी लिहिल्यासारखा आहे.

आधी क्लच. मागच्या टायरांची बाजूची पकड सुटते आणि ती सुटलेली अवस्था ॲक्सिलरेटर व उलट फिरवलेल्या स्टेअरिंगवर धरून ठेवली जाते, तो ड्रिफ्ट. पकड सोडवायचे मार्ग बरेच. वळणात शिरताना ब्रेक दाबून वजन पुढे आणता येतं, गाडी आधी उलट दिशेला झुलवून मग वळणात फेकता येते, हँडब्रेक ओढता येतो, किंवा ताकद असेल तर सरळ ॲक्सिलरेटर दाबता येतो. क्लच किक हा त्यातला एक मार्ग: क्लच दाबून इंजिनाचे फेरे वाढू द्यायचे आणि पाय झटकन सोडायचा, की तो धक्का मागच्या चाकांना बसतो.

मग क्लचचा एवढा गाजावाजा कशामुळे? याचं मूळ जपानच्या घाटरस्त्यांत आहे. ड्रिफ्टसाठी गाजलेला जपानी रेसर केइची त्सुचिया याने प्रसिद्ध केलेली टोयोटाची एई८६ ही १९८३ साली आलेली गाडी. इंजिन १.६ लिटरचं, ताकद जेमतेम १३० अश्वशक्ती. कोरड्या डांबरावर नुसत्या ॲक्सिलरेटरने तिची मागची चाकं सुटत नाहीत; वेग, वजनाचा झोका आणि क्लचचा धक्का यांची मदत लागते. त्या गाडीपुरता नियम बराचसा खरा. तो सगळ्या गाड्यांना लावला की फसतो.

फसतो कसा, ते डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात दिसलं. योहान श्वार्ट्झ या चालकाने बीएमडब्ल्यू एम५ आठ तासांत ३७४.१७ किलोमीटर ड्रिफ्ट केली आणि गिनीज विक्रम केला. थांबायला लागू नये म्हणून शेजारून ड्रिफ्ट करणाऱ्या दुसऱ्या एम५मधून चालत्या गाडीत पेट्रोल भरलं. पृष्ठभाग मुद्दाम ओला ठेवला होता, हे सांगायलाच हवं. पण त्या पिढीची एम५ मॅन्युअलमध्ये मिळतच नव्हती. तिला आठ गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. मर्सिडीज-एएमजीने तर ई६३ एसमध्ये कारखान्यातूनच ड्रिफ्ट मोड दिला. तो लावला की पुढच्या चाकांचा जोर तोडला जातो आणि सगळा जोर मागच्या चाकांना मिळतो. त्या गाडीलाही क्लचचं पेडल नाही.

आता अर्धं तथ्य. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहाने जोडलेले असतात. त्यामुळे पाय हलला आणि चाकाला कळलं यात थोडी फट पडते. ड्रिफ्टमध्ये गाडीचा तिरका कोन सांभाळायचा तो पायानेच, म्हणून ही फट नवख्याला जाचते. कन्व्हर्टर लॉक होऊन (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून) सुटला तर जोर मध्येच बदलतो. तेलही तापतं. फॉर्म्युला ड्रिफ्टसारख्या स्पर्धांत सीक्वेन्शियल (क्रमाने एकेक गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि क्लचचं पेडल दिसतं ते म्हणूनच. तिथे क्षणाचा हिशोब असतो. अवघड आणि अशक्य यात फरक आहे, आणि त्या मजकुराने नेमका तोच खाल्लाय.

आपोआप गिअर बदलण्याचा आक्षेप डी मोडपुरता खरा. ऑटोमॅटिकच्याच मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर स्वतः निवडून, दुसऱ्या गिअरला धरून ठेवलं की प्रश्न बराच मिटतो. बऱ्याच साध्या गाड्या फेऱ्यांची मर्यादा गाठली की तरीही वरचा गिअर टाकतात. एम५ टाकत नाही. खरा अडथळा बहुतेक वेळा वेगळाच असतो. घसरण दिसताच इंजिनाचा जोर कापणारी ईएसपी, आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की ॲक्सिलरेटर बंद करणारी यंत्रणा. दोन्ही मॅन्युअल गाडीतही असतात, तेव्हा दोष ऑटोमॅटिकच्या माथी कशाला?

आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो, कारण एएमटी, सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेला), डीसीटी (दोन क्लचांचा) आणि टॉर्क कन्व्हर्टर या चौघांनाही आपण ‘ऑटोमॅटिक’च म्हणतो. एएमटीत तर चक्क साधा क्लच असतो, फक्त तो तुमच्या पायाऐवजी यंत्र दाबतं. शिवाय स्विफ्ट, बलेनो, आय२० या सगळ्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या. मॅन्युअल घेतलीत तरी त्यांत ॲक्सिलरेटरने ड्रिफ्ट धरून ठेवता येत नाही. हँडब्रेकने शेपूट फिरते, तेवढंच. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एनच्या ४x२ (दोनच चाकांना जोर असलेल्या) गाड्यांना मागून जोर मिळतो खरा, पण त्या उंच आहेत. त्यांच्या बाबतीत मला चिंता गिअरबॉक्सची नाही, गाडी उलटण्याची आहे.

हँडब्रेकचं थोडक्यात. सिग्नलला डीमध्ये ब्रेक दाबून उभे राहता तेव्हा चाकं थांबलेली आणि इंजिन चालू असतं. मधला फरक कन्व्हर्टर पचवतो. ॲक्सिलरेटर न दाबता क्षणभर ओढलेला हँडब्रेक त्याला मारत नाही. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक मात्र या कामाचा नाही. चालत्या गाडीत तो ओढून धरला तर बऱ्याच गाड्या चारही चाकांना ब्रेक लावून सरळ थांबतात.

राहिला एनमधून डीमध्ये टाकायचा सल्ला. इंजिन चार हजार फेऱ्यांवर असताना डी लावला की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांना ती सगळी गती एका क्षणात झेलावी लागते. प्लेटा घासून जळतात, तेल काळं पडतं, आणि झटका पुढे शाफ्टपर्यंत जातो. यातून मिळतो तो एक धक्का, कोनावर ताबा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून जे फुकट मिळतं, त्यासाठी हा खर्च. काही नव्या गाड्यांचा संगणक एनमध्ये फेरेच वाढू देत नाही. असा सल्ला फिरतो, हे त्या गाड्या बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक असावं.