वायर नको म्हणून मेश? आधी भिंतीत खिळा ठोकून बघा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज महिन्याभरात चौथ्यांदा आलाय. मजकूर थोडक्यात असा: घरात वायफाय नीट येत नसेल तर तीन डब्यांचा मेश सेट (एकमेकांना हवेतून नेट पोचवणारे वायफायचे डबे) घ्या. वायर ओढायची गरज नाही, जिथे रेंज मरते तिथे डबा ठेवा, प्रत्येक खोलीत प्लॅनचा पूर्ण स्पीड. फोन आपोआप जवळचा डबा धरतो. ॲक्सेस पॉइंट (वायरीने नेट घेऊन वायफाय देणारा डबा) वगैरे ऑफिसवाल्यांची भानगड. खाली अंगठ्यांची रांग. असंच काहीतरी वाचून मीही एकदा पैसे घातलेत, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेऊ: ‘जिथे रेंज मरते तिथे डबा ठेवा.’ अहो, मेशचा दुसरा डबा स्वतः नेट तयार करत नाही. पहिल्याकडून हवेतून घेतो आणि पुढे देतो. ज्या कोपऱ्यात फोनला काही पोचत नाही, तिथे डब्याला तरी काय पोचणार? फसवणूक होते ती काड्यांमुळे. डबा उशाशी, त्यामुळे फोनवर काड्या फुल्ल. मागचा रस्ता किती खराब आहे ते काड्या सांगत नाहीत. आमच्या मागच्या बेडरूममध्ये हेच चाललं होतं. काड्या भरलेल्या आणि मुलीच्या क्लासचा व्हिडिओ गोल गोल फिरतोय. शेवटी डबा उचलून पॅसेजमध्ये देवघराच्या फळीवर ठेवला. काड्या घटल्या, क्लास चालू लागला. डब्याची जागा अर्ध्या वाटेवर, मूळ राउटरचा सिग्नल अजून धड असतो तिथे. वायफाय मोजणारं एखादं फुकट ॲप उघडा: सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) उणे ६५ च्या आसपास असेल तर ठेवा, उणे ८० दिसला तर उचला.

‘प्रत्येक खोलीत पूर्ण स्पीड’ हेही नाही. रेडिओ एका वेळी एक तर ऐकतो, नाही तर बोलतो. ज्या रेडिओवर मागून घ्यायचं त्याच्यावरूनच पुढे द्यायचं, तर दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. ओळीने दोन टप्पे झाले की पाव. ट्राय-बँडवाल्या (तीन रेडिओंच्या) महाग सेटमध्ये मागच्या रस्त्याला वेगळा रेडिओ देतात, पण भिंत त्यालाही चुकत नाही.

आणि आमच्याकडची भिंत म्हणजे मिवानची. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळ्या घातलेलं काँक्रीट. घड्याळ लावायला खिळा ठोकून बघा, खिळा वाकतो. अशा दोन भिंतींत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दमतो. २.४ चा जरा पुढे जातो, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. वरचे, खालचे, शेजारचे असे सगळे राउटर त्या तिघांतच गर्दी करतात. त्यात आपण आणखी तीन डबे लावायचे?

मेसेजमधलं फोनबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठला डबा धरायचा हे फोन ठरवतो. ८०२.११ या वायफायच्या मानकातल्या ‘के’ आणि ‘व्ही’ या सोयींमुळे नेटवर्क त्याला पर्याय सुचवू शकतं, ‘आर’मुळे बदल झटपट होतो. पण सूचना ऐकलीच पाहिजे असं फोनवर बंधन नाही. शिवाय हे सगळं साध्या ॲक्सेस पॉइंटातही मिळतं, मेशची मक्तेदारी नाही.

माझं खरं भांडण ‘वायर ओढायची गरज नाही’शी आहे. कारण वायरची वाट भिंतीत बऱ्याचदा तयारच असते: टीव्ही पॉइंटची नळी. आमच्याकडे ती नळी थेट दाराजवळच्या डक्टपर्यंत जाते आणि फायबरचा डबाही नेमका तिथेच. रविवारी इलेक्ट्रिशियन आला, बेडरूममधली टीव्हीची प्लेट उघडली, जुन्या केबलच्या टोकाला काळ्या टेपने कॅट ६ (नेटची वायर) गच्च गुंडाळली. तो डक्टकडून ओढत होता, मी इकडून ढकलत होते. वळणावर अडकलं, तेव्हा वायरीला भांडी घासायचा साबण चोळला, सुटलं. चहा होईपर्यंत काम संपलं. साधी कॅट ५ ई वायरसुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. टू बीएचकेत २५ मीटरही लागत नाहीत. फक्त विजेच्या वायरींच्या नळीत ती घालू नका.

त्या वायरीच्या टोकाला लावला तोच मेशचा डबा. आता त्याचा मागचा रस्ता हवेतून नाही, तांब्यातून. म्हणजे तो झाला ॲक्सेस पॉइंटच, ती ऑफिसवाल्यांची भानगड! कपाटात पडलेला जुना राउटरही चालतो. त्याला एपी (ॲक्सेस पॉइंट) मोडवर टाका, नाव-पासवर्ड तोच ठेवा, चॅनेल वेगळं द्या. मोड बदलायला विसरलात तर घरात दोन राउटर एकामागे एक पत्ते वाटत बसतात आणि मग प्रिंटर सापडत नाही.

बिनवायरीचा मेश कुठेच नको असं नाही. वाशी-नेरुळकडचं सिडकोचं जुनं विटांचं घर, तेही भाड्याचं, मालक प्लेट उघडू देत नाही, मध्ये एकच भिंत: तिथे जरूर घ्या. दोन डब्यांचा सेट पुरे.