खुलासा: संघटनात्मक मानसशास्त्राच्या मास्टर्सला आकडेमोड आहे

‘कार्य व संघटनात्मक मानसशास्त्रात मास्टर्स करा, गणित नाही, पदवी मिळताच समुपदेशक व्हा’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

अभ्यासक्रमात संख्याशास्त्र असतंच: रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज), घटक विश्लेषण (एकमेकांशी जुळणाऱ्या प्रश्नांचे गट शोधणं), चाचणीची विश्वसनीयता. प्रबंधात नेहमी घडणारी चूक बघा. कामातलं समाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीत ‘हे काम कंटाळवाणं वाटतं’ अशा उलट्या विधानाचे गुण फिरवायचे (५ चा १) राहिले, की क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) कोसळतो, कधी उणेही येतो. मग तो वाढवायला चांगले प्रश्नच वगळले जातात. कॅल्क्युलस मात्र लागत नाही, तेवढा दिलासा.

विषय आहे कर्मचारी निवड, प्रशिक्षण, कामाची रचना, उपचार नव्हे. ‘युरोपसाय’ या मानसशास्त्रज्ञांच्या युरोपीय प्रमाणपत्रालाही ५ वर्षांच्या शिक्षणाखेरीज वर्षभर देखरेखीखालचं काम लागतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.