कोर्टातून घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही

"खऱ्या कॅथलिकांनो, स्वागताच्या नावाखाली सत्य विकू नका" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या वसईतल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच फर्मानं आहेत. घटस्फोटितांनी कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद, घेऊ नये. आत्महत्या केलेल्याची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि दफन चर्चमध्ये होऊ नये. लग्नाशिवाय झालेल्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. हिंदूशी लग्न करणारा आपोआप चर्चबाहेर गेला. आणि परधर्मीयांना मिस्साला बसू देऊ नये. शेवटी योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन: "जा, यापुढे पाप करू नकोस."

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने सलग दोन रविवार कम्युनियन घेतलं नाही. ती घटस्फोटित आहे, तिने दुसरं लग्न केलेलं नाही. रांग पुढे सरकली तशी ती बाकावरच बसून राहिली.

आधी ते वचन. योहान ८:११ मध्ये येशू त्या बाईला आधी सांगतो की मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि मग म्हणतो, जा, पाप करू नकोस. मेसेजवाल्याने पहिला भाग कापला. जे दुसरा भाग कापून नुसतं "सगळ्यांचं स्वागत" म्हणतात तेही चुकतात, पण मावशीला बाकावर बसवलं ते या मेसेजने. चर्चची शिकवण दोन्ही भाग धरून चालते आणि ती लेखी आहे: १९८३ चा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा (त्याचं एकेक कलम म्हणजे कॅनन), आणि १९९२ चा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणीचं अधिकृत पुस्तक. पाच फर्मानांपैकी एकाशीही कलमाचा क्रमांक नाही.

आता घटस्फोट. कॅटेकिझमचा परिच्छेद २३८३ म्हणतो की मुलांचा सांभाळ, कायदेशीर हक्क किंवा वारसा राखायला दिवाणी घटस्फोट हाच एक मार्ग उरला असेल, तर तो घेणं नैतिक अपराध नाही. २३८६ सांगतो की लग्न टिकवायला प्रामाणिकपणे झटलेल्या आणि अन्यायाने टाकून दिलेल्या जोडीदाराने कोणताही नैतिक नियम मोडलेला नाही. नवरा जिवावर उठला असेल तर वेगळं राहण्याची मुभा कॅनन ११५३ देतो. कम्युनियन नाकारण्याचं कलम आहे ९१५, आणि ते उघड, गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यांसाठी आहे. नवऱ्याने मारलं म्हणून माहेरी आलेली, कोर्टातून पोटगी मिळवलेली आणि दुसरं लग्न न केलेली बाई त्यात कुठे बसते? तिला हवी तर नेहमीसारखी पापनिवेदनाची तयारी आणि कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास. बाकी सगळ्यांना लागू आहे तेच.

अर्धं सत्य मान्य करतो. चर्चमधलं पहिलं लग्न कायम असताना कोर्टात दुसरं लग्न करून नवराबायको म्हणून राहणाऱ्यांनी कम्युनियन घेऊ नये, हा नियम आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात धर्मगुरूंनी अशा एकेका माणसाची परिस्थिती नीट समजून घ्यावी, असं सांगितलं. काही वेळा संस्कारांची मदतही मिळू शकते, असं त्याच्या एका तळटीपेत आहे. तो निर्णय फादरांसमोर, खासगीत, वेळ देऊन व्हायचा. आणि नियम पूर्ण लागू असलेल्यालाही चर्च बाहेर काढत नाही. मिस्सा, रोझरी, दानधर्म, मुलांचं धर्मशिक्षण हे सगळं त्याचं आहेच.

खरी गरज माहितीची आहे. कोर्टाचा हुकूम मिळाला म्हणजे चर्चमधलं लग्न संपलं, असं समजून लोक दुसरं लग्न ठरवतात आणि हॉल बुक झाल्यावर फादरांकडे येतात. तेव्हा उशीर झालेला असतो. चर्चमधलं लग्न मुळातच वैध नव्हतं, असं ठरवून घ्यावं लागतं. तो अर्ज धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलकडे, म्हणजे चर्चच्या न्यायमंडळाकडे जातो. दोघांचे बाप्तिस्म्याचे नव्याने काढलेले दाखले, चर्चमधल्या लग्नाचा दाखला, कोर्टाचा हुकूम आणि साक्षीदारांची नावं लागतात. अर्ज अडतो तो बहुधा साक्षीदारांवर. लोक लग्नानंतरची भांडणं पाहिलेल्या शेजाऱ्यांची नावं देतात, पण ट्रायब्युनल तपासतं ते लग्नाच्या दिवशी संमती खरी होती का हे. बळजबरी होती का, मोठी गोष्ट लपवली होती का, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत होती का. म्हणून साक्षीदार लग्नाआधीपासून ओळखणारा हवा. पूर्वी दोन न्यायमंडळांचा सारखा निकाल असावा लागायचा. ८ डिसेंबर २०१५ पासून, कोणी अपील केलं नाही तर, एक निकाल पुरतो. मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत, कॅनन ११३७ वाचा.

दुसरं फर्मान तर शोकाच्या घरावर दगड मारणारं आहे. १९१७ च्या जुन्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलेलं होतं, हे खरं. १९८३ च्या कायद्यात कॅनन ११८४ च्या यादीतून आत्महत्या वगळली गेली. शिकवण पातळ झाली नाही, आत्महत्या गंभीर चूक आहे असंच कॅटेकिझम म्हणतो. पण लगेच २२८२ मध्ये येतं की मानसिक विकार, यातना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि २२८३ सांगतो की चर्च अशांसाठी प्रार्थना करतं. तरी भीतीपोटी घरचे लोक दिवेलागणीला, घंटा न वाजवता, मिस्साशिवाय पुरून मोकळे होतात. तसं करू नका. पंचनामा आणि शवविच्छेदनात वेळ जातो, म्हणून त्याच दिवशी फादरांना कळवा, कारण लपवू नका. त्यांना शंका वाटलीच तर ते बिशपांना विचारतील, कायद्यात तशी सोय आहे.

बाप्तिस्म्याचं थोडक्यात. कॅनन ८६८ ला आईवडिलांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा पुरते. लग्नाचा दाखला ही अट नाही. जानेवारी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये चर्चमध्ये लग्न न झालेल्या जोडप्याच्या मुलीला स्वतः बाप्तिस्मा दिला. हिंदूशी लग्न करायचं तर बिशपांची सूट घ्यायची आणि कॅथलिक बाजूने लेकरांच्या श्रद्धेबद्दल वचन द्यायचं. सूट घेऊन लग्न झालं की तो माणूस कम्युनियनला मोकळा.

राहिले परधर्मीय पाहुणे. मिस्साला कोणीही बसू शकतं. कम्युनियन मात्र त्यांनी घ्यायचं नाही. घोटाळा होतो तो "ख्रिस्तप्रसाद" या शब्दामुळे. आपल्याकडे प्रसाद नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान, म्हणून लग्नाला आलेली शेजारीण मानाने हात पुढे करते आणि घरच्यांसाठी रुमालात बांधून नेते. तिच्यावर डोळे वटारून काय होणार? सूचना कम्युनियनची रांग लागण्याआधी द्यावी, नंतर नाही: "पाहुण्यांनी आशीर्वाद हवा असल्यास दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे यावं." आणि देणाऱ्याने, हातात दिलेली ओस्ती (कम्युनियनची भाकर) तिथेच तोंडात गेली हे पाहूनच पुढच्याकडे वळावं.