साटा-३ चं कार्ड टाकून हार्ड डिस्क पळत नसते

सांगलीत ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पीसीत साटा-२ पोर्ट (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत, २ आणि ३ या तिच्या पिढ्या) असला की हार्ड डिस्क अडकून पडते, साटा-३ चं कार्ड आणि केबल घ्या, ३ चा स्पीड ६ होतो म्हणजे पीसी डबल फास्ट. पुरावा म्हणून टास्क मॅनेजरचा फोटो, डिस्क १०० टक्के. आणि वर कडी म्हणजे एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची चिपवाली डिस्क) टाकली तर बारापट!

आधी तो फोटोच बघू, सगळी गोम तिथंच आहे. १०० टक्के म्हणजे पोर्ट भरला असं लोक धरून चालतात, पण तो आकडा डिस्क किती वेळ कामात अडकलीय त्याचा असतो. मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडत दुकानातला जुना पीसी सकाळी चालू करून टॅली उघडायला टाका आणि त्याच खिडकीत रीड स्पीड वाचा, बऱ्याचदा सेकंदाला एक एमबीच्या आतबाहेर घुटमळताना दिसेल. डिस्कमधली ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदात मारते, म्हणजे सरासरी अर्धी फेरी ४ धरा, वर हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) जागेवर जायला ८-९, असे डेटाच्या एका तुकड्यामागं १२-१३ मिलिसेकंद गेले की सेकंदाला जेमतेम ८० तुकडे होतात आणि विंडोजला सुरू होताना असले बारके तुकडे हजारोंनी लागतात. यार्डाचं गेट रुंद केलं म्हणून हमाल पोती भराभर उचलत नाही.

आता ३ आणि ६. ते सेकंदाला गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०० आणि ६०० एमबी. मोठी फाईल सलग वाचतानासुद्धा जुनी डिस्क १००-१५० देते, नवी चांगली २००-२५०. साटा-२ च भरत नाही, ६०० घेऊन करायचं काय?

केबलचं तर सोडाच, दोन्हीला तीच चालते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये सी७ चा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बदला, नाहीतर नको.

कार्डाची गंमत अजून वेगळी. ते ज्यात बसतं तो जुन्या बोर्डाचा छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट पहिल्या पिढीचा असला तर २५० एमबीच देतो, म्हणजे पैसे घालून साटा-२ पेक्षा कमी!

तेच पैसे साटा एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये) घाला आणि बिनधास्त साटा-२ ला जोडा. सलग स्पीड २७०-२८० ला अडेल, अडू दे की, हेडच नाही म्हटल्यावर बारके तुकडे लगेच हाताला लागतात आणि फरक तिथंच पडतो.

बारापट हे खोटं नाही, साटा एसएसडीचे ५५० आणि एनव्हीएमईचे ७००० एमबी हे बॉक्सवरचे आकडे आहेत, पण सलग कॉपीचे. लग्नाचं फोर-के शूटिंग एडिट करणाऱ्यानं जरूर घ्यावी. बिलं मारणाऱ्याला साटा एसएसडीवरून तिकडं जाऊन फारतर सेकंद-दोन सेकंद वाचतील.

इंटरफेस खरंच आडवा येतो तो बाहेरच्या डिस्कला, यूएसबी २ मध्ये खुपसली की ३०-४० एमबीवर रडते. बॅकअप घेताना निळा (यूएसबी ३ चा) पोर्ट बघून लावा, तिथं फुकटात तिप्पट मिळतं.