नंतर आठवण करून द्या

परवा मी बाबांना फोटो पाठवले. ई-मेलच्या विषयात लिहिलं, ‘फोटो’. खाली एक ओळ, ‘लगेच बघा आणि कळवा.’ दोन दिवस काहीच कळलं नाही म्हणून फोन केला, तर म्हणाले, “तो होय? तो मी न उघडताच उडवला. नंतर कचरापेटीतूनही उडवला.”

“अहो बाबा, माझं नाव होतं ना त्यावर!”

“म्हणूनच. ओळखीच्या नावाने येतो, मजकूर जेमतेम एक ओळ, सोबत फाइल जोडलेली आणि उघडायची घाई. फसव्या मेलची ही चार लक्षणं तूच लिहून दिलीस. तुझ्या मेलमध्ये चारही होती.”

यावर काय बोलणार? कागद माझ्याच अक्षरातला आहे. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला अजून चिकटवलेला आहे.

आता हा कागद लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर अधिकार एवढाच, की कॉम्प्युटरला जे जे काही होऊ शकतं ते सगळं माझ्या कॉम्प्युटरला होऊन गेलेलं आहे. ज्याला सगळी दुखणी होऊन गेली, त्याला लोक अर्धा वैद्य समजायला लागतात, त्यातला प्रकार.

पहिलं दुखणं पेन ड्राइव्हचं. एके काळी पेन ड्राइव्ह म्हणजे सार्वजनिक मालमत्ता होती. माझा कुठे कुठे फिरून घरी आला, तेव्हा त्यात ‘न्यू फोल्डर’ नावाचा एक पिवळाधमक फोल्डर होता. मी उघडायला गेलो, तो उघडेना. पुन्हा क्लिक केलं. मग चिडून पाच-सहा वेळा केलं. तो फोल्डर नव्हताच. फोल्डरचं चित्र पांघरून बसलेली ती ‘डॉट ईएक्सई’ फाइल होती, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. एकदा चालवला तरी पुरत होतं, मी सात वेळा चालवला. संध्याकाळपर्यंत माझ्या प्रत्येक फोल्डरला एकेक जुळा भाऊ झाला होता. खरे सगळे लपवलेले आणि तोतये रांगेत उभे.

बरं, मी क्लिक केलं नसतं तरी फार फरक पडला नसता. तेव्हाच्या विंडोजला एक खोड होती. बाहेरून काही जोडलं की त्यात ‘ऑटोरन’ नावाची चिठ्ठी आहे का ते ती शोधायची आणि चिठ्ठीत जे सांगितलं असेल ते करायला तत्पर असायची. दारात अनोळखी पाहुणा आला, की त्याच्या खिशातला कागद आपणच काढून वाचायचा आणि ‘तिजोरी उघडा’ असं लिहिलं असेल तर तिजोरीकडे चालायला लागायचं. विंडोज ७ आलं तेव्हा ही खोड मोडली, आणि २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही पेन ड्राइव्हपुरता तो कारभार बंद केला. तोवर माझे तीन पेन ड्राइव्ह बिघडून गेले होते. चौथा मी कुणाला हात लावू देत नव्हतो, म्हणून तो हरवला.

मग मी अँटिव्हायरस टाकला. एकाने भागेल असं वाटेना, म्हणून दुसरा टाकला. दोन पहारेकरी ठेवले की चोराची डाळ शिजणार नाही, असा माझा हिशेब. पण दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. दोघांनाही प्रत्येक फाइल उघडताक्षणी तपासायची असते, त्यामुळे एक तिला हात घालतो तेव्हा दुसऱ्याला संशय येतो, की हा कोण हिला हात घालतोय. कॉम्प्युटर इतका मंदावला, की व्हायरस आला असता तरी कंटाळून गेला असता. अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायला एक चाचणी असते. अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ असते, ती साध्या फाइलमध्ये टाकून सेव्ह करायची. सगळे अँटिव्हायरस तिला बघून ‘चोर, चोर’ ओरडतील, असं आपापसात ठरलेलं आहे. मी ती ओळ सेव्ह केली. पहिला म्हणाला, धोका नष्ट केला. दुसरा म्हणाला, धोका सापडला पण फाइल सापडत नाही, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. त्या अडुसष्ट अक्षरांनी माझा अख्खा रविवार खाल्ला, आणि तीही मीच टाकलेली.

फुकटचं कन्व्हर्टर उतरवण्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांच्याच घरी घडलेला असतो. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.’ मधल्या कुठल्यातरी नेक्स्टमध्ये जादा प्रोग्रॅमना होकार देणाऱ्या चार चौकटींत आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. शेवटी ब्राउझरच्या डोक्यावर इतके टूलबार, म्हणजे बटणांच्या पट्ट्या, चढले, की पान बघायला जेमतेम फट उरली.

एवढ्या अनुभवानंतर माझी नेमणूक आईबाबांच्या कॉम्प्युटरवर झाली. नेमणूक म्हणजे मीच करून घेतली. मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा बाबा शब्दकोड्यांचं काहीतरी शोधत होते. एकदम अख्खा पडदा लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. एक बाई करड्या इंग्रजीत सांगायला लागली, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, तुमचा बँकेचा तपशील चोरीला जातोय, कॉम्प्युटर बंद करू नका, दिलेल्या नंबरवर ताबडतोब फोन करा. बाबांनी चष्मा पुसला आणि नंबर लिहून घ्यायला पेन शोधायला लागले. मी “थांबा, हात लावू नका!” असं ओरडत धावलो. तेवढ्यात आतून आई आली, तिने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि परत गेली.

“अगं, काय केलंस हे!”

“ओरडत होतं. बंद केलं.”

मी दोघांना बसवून नीट समजावलं. तो व्हायरस वगैरे काही नसतो. ते नुसतं एक वेबपान असतं. ते सगळा पडदा व्यापतं, बंद करायची खूण लपवतं आणि भोंग्याची ध्वनिफीत वाजवतं. वेबपानाला तुमचा कॉम्प्युटर तपासता येत नाही, मग व्हायरस सापडेल कुठून? खरा धोका त्या फोन नंबरच्या पलीकडे बसलेला असतो. तो गोड बोलून तुमच्याच हाताने त्याला आत घ्यायला लावतो. तेव्हा घाबरायचं नाही, बटण वगैरे बंद करायचं नाही, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करायचा. “बघा, मी दाखवतो,” म्हणून कॉम्प्युटर सुरू केला. ब्राउझर उघडला. त्याने अदबीने विचारलं, मागच्या वेळची पानं परत आणू का?

मी ‘हो’ म्हटलं.

भोंगा. लाल पडदा. बाई. मला घाईत शिफ्ट सापडेना. आई पुन्हा आली, खटकन बटण बंद केलं.

“पहिल्यांदा यांनी आणला,” ती म्हणाली, “आता तू आणलास.”

त्या रात्री मी शिकवणी घ्यायचं ठरवलं. इतिहासापासून सुरुवात केली. १९८६ साली पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. बाबांना ही गोष्ट मनापासून आवडली. “याला म्हणतात सचोटी,” म्हणाले. मग १९८९ची गोष्ट सांगितली. एड्सची माहिती म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. ती टाकल्यावर आतला प्रोग्रॅम कॉम्प्युटर किती वेळा सुरू होतो ते मोजत बसायचा आणि नव्वदाव्या वेळेच्या सुमाराला फायलींची नावं सांकेतिक लिपीत बदलून पैसे मागायचा. पैसे पाठवायचे पनामातल्या एका टपालपेटीवर. “म्हणजे खंडणीही टपालाने?” बाबा म्हणाले. “केवढा धीर हो त्या काळच्या लोकांना.”

मग २००० सालचं प्रेमपत्र. मे महिन्यात जगभर ई-मेल गेले, विषय ‘आय लव्ह यू’, सोबत पत्राची फाइल. नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’, म्हणजे बिचारा साधा मजकूर. त्याच्याही पुढे ‘डॉट व्हीबीएस’ होतं, म्हणजे प्रोग्रॅम. पण ओळखीच्या फायलींचं शेपूट विंडोज आपणहून लपवते, त्यामुळे नेमकं विषाचं शेपूट दिसायचं नाही. पत्र उघडलं की ते तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्या नावाने प्रेमपत्रं धाडायचं.

“आणि लोकांनी उघडलं?” आईने विचारलं.

“लाखोंनी.”

“साहेबाकडून आलेलंसुद्धा?”

या प्रश्नाचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. मी विषय बदलून त्यांच्या कॉम्प्युटरवर फायलींची शेपटं दिसतील अशी सेटिंग करून दिली. चार लक्षणांचा कागद लिहून दिला. ओटीपी कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचा नाही, असं तीनदा घोकून घेतलं. संशय घ्या, संशय घ्या, संशय घ्या, म्हणालो आणि समाधानाने परत आलो.

बी फारच चांगल्या जमिनीत पडलं होतं.

आठवड्याभरात बाबांचा फोन आला, की बँकेची साइट उघडत नाही. ओटीपी आलाय का? आलाय. मग टाकला का? “नाही टाकला.” का? “कुणालाही सांगायचा नाही म्हणालास ना. साइट विचारत होती. मी नाही सांगितला.” आवाजात विजय होता. साइट मागेल आणि आपण स्वतः पत्ता टाइप करून तिथे गेलो असू तर सांगायचा, हे कलम मी जोडून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, एकदा कुणालाही नाही म्हटल्यावर पोटकलमं जोडायला लागलास, तर त्यातूनच लोक फसतात.

खरा घोळ अपडेटचा झाला. विंडोज म्हणायची, अपडेट आलंय. बाबा म्हणायचे, ‘नंतर आठवण करून द्या’. हे बटण त्यांना फार आवडतं. नाही म्हणण्याचा कटूपणा नाही आणि हो म्हणण्याचा धोका नाही. मी त्यांना वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. १२ मे २०१७पासून काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, खंडणीच्या पाट्या झळकल्या, इस्पितळांची कामं ठप्प झाली. ज्या भोकातून तो आत शिरत होता, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. दोन महिने आधी! अडकलेले बहुतेक ‘नंतर आठवण करून द्या’वालेच.

“पण अपडेट करा म्हणून सांगणारे चोरही असतात, हे तूच सांगितलंस.”

“ते ब्राउझरमध्ये सांगतात, बाबा. हे विंडोज स्वतः सांगतेय.”

“चोरही तेच म्हणणार ना, की मी विंडोज स्वतः सांगतेय.”

शेवटी पुढच्या भेटीत मीच अपडेट सुरू करून दिलं आणि आंघोळीला गेलो. कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला, निळ्या पडद्यावर गोल गोल ठिपके फिरायला लागले आणि खाली अक्षरं आली: कॉम्प्युटर बंद करू नका.

हे वाक्य आईने आधी ऐकलेलं होतं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा ती भिंतीपासून परत चालली होती. “पुन्हा आला होता,” म्हणाली. “या वेळी ओरडायच्या आत पकडला.” पुढचे दोन तास कॉम्प्युटर ‘केलेले बदल मागे घेत’ बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसून होतो. खरा पहारेकरी आणि तोतया, दोघेही ‘बंद करू नका’ हेच म्हणणार असतील, तर आईची चूक काय, हे मला विंडोज बनवणाऱ्यांना एकदा विचारायचं आहे.

आणि राग येतो तो याचा, की या दोघांचं बऱ्याचदा बरोबरच निघतं. त्या लाल पडद्यावर बटण बंद करणं हा वाईट उपाय नव्हताच. बाबा पासवर्ड वहीत लिहितात, यावर मी ओरडलो होतो. पण कपाटातली वही समुद्रापलीकडच्या चोराला कशी वाचता येणार? त्यात प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड आहे, माझे तेव्हा सगळीकडे दोनच होते. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की बाबा काढून कापडात गुंडाळून ठेवतात, कारण ‘उगाच गरम होते’. माझी कायम जोडलेली असते. खंडणीवाला घुसला, तर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो. म्हणजे त्यांचं सगळं वाचेल, माझं काही वाचणार नाही, आणि कारण काय, तर गरम होते.

हल्ली कॉम्प्युटर माणसाच्या आवाजाची नक्कल करतो. मुलाच्या आवाजात फोन येतो, अडचणीत आहे, पैसे पाठवा. म्हणून मी घरात एक परवलीचा शब्द ठरवून दिला. पैशाबिशाचा विषय निघाला किंवा अनोळखी नंबरवरून फोन आला, की आधी तो शब्द विचारायचा. सोपा नको, घरातल्या कुणाचं नाव नको, असा मीच निवडला. विसरू नये म्हणून फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये नीट जपून ठेवला.

गेल्या गुरुवारी प्रवासात माझा फोन बंद पडला. शेजारच्या प्रवाशाचा मागून घेतला आणि मला तोंडपाठ असलेला जगातला एकमेव नंबर लावला, बाबांच्या घरचा.

“बाबा, मी बोलतोय. फोन बंद पडलाय, उशीर होईल यायला.”

पलीकडे शांतता. मग, “शब्द?”

शब्द. मी डोळे मिटले. काहीतरी ‘प’वरून होता. की ‘म’वरून? “बाबा, तो फोनमध्ये आहे हो, आणि फोनच तर...”

“असं का,” बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला अहोजाहो करत होते. “मग असं करा, आपण आठवून ठेवा. आठवला की परत फोन करा.”

फोन ठेवण्याआधी मागून आईचा आवाज आला. “मेल्याने आवाज मात्र हुबेहूब काढलाय हो.”