दुखत नाही म्हणून तीच जागा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. इन्सुलिन आणि त्याच्या जातीची पेप्टाइड औषधं (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची औषधं) स्वतःच टोचून घेणाऱ्यांनी जागा कशी निवडावी, यावर मी लिहिलं होतं. तुमचा आक्षेप असा की औषध शेवटी रक्तातच जायचं, मग पोट काय नि मांडी काय. माहितीपत्रकातही ‘पोट, मांडी किंवा दंड’ एवढंच म्हटलेलं असतं. तुम्ही कित्येक वर्षं रात्रीचं इन्सुलिन बेंबीच्या डावीकडे एकाच ठिकाणी घेताय, तिथे अजिबात दुखत नाही, आणि आता मधुमेहासाठी नि वजनासाठी आठवड्यातून एकदा टोचायचं सेमाग्लुटाइडही तिथेच सुरू केलंय. असल्या नियमांनी नवीन माणूस उगाच घाबरतो, असं तुमचं म्हणणं. शेवटी एक प्रश्नही आहे: गुडघेदुखीवरचं पेप्टाइड गुडघ्याजवळच टोचायचं असतं म्हणे, त्याबद्दल लेखात काहीच कसं नाही?

पोट की मांडी, एवढ्यापुरतं बोलायचं तर तुमच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. सेमाग्लुटाइडचंच घ्या. त्याच्या रेणूला चरबीची एक साखळी जोडलेली असते, तिच्यामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो. जे औषध इतके दिवस रक्तात राहतं, ते पोटातून चार तास आधी शोषलं गेलं की मांडीतून चार तास उशिरा, याने काही बिघडत नाही. म्हणून तर जागा बदलली तरी डोस बदलावा लागत नाही. जुन्या साध्या इन्सुलिनची गोष्ट निराळी होती. ते पोटातून सगळ्यांत लवकर शोषलं जातं, त्यानंतर दंडातून, मग मांडीतून आणि सगळ्यांत सावकाश नितंबातून. जेवणाआधीचं पोटावर आणि रात्रीचं, सावकाश काम करणारं दुधट इन्सुलिन मांडीवर, ही पद्धत त्यातूनच आली. ज्यांचं ते इन्सुलिन आजही चालू आहे त्यांनी ती पाळावीच. नव्या इन्सुलिनमध्ये हा फरक बराच कमी झालाय.

पण पोट की मांडी हा एक प्रश्न, आणि पोटावर नेमकं कुठे हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावताय. माहितीपत्रकात ‘पोट, मांडी किंवा दंड’ या ओळीच्या पाठोपाठ ‘दर वेळी जागा बदला’ हेही लिहिलेलं असतं, आणि माझ्या दृष्टीने तीच ओळ जास्त महत्त्वाची. औषध ‘पोटात’ जात नाही. ते कातडीखालच्या चरबीच्या एका चिमुकल्या तुकड्यात जातं. तो तुकडा निरोगी असेल तर तुमचं म्हणणं खरं. तो खराब झालेला असेल तर औषध रक्तात केव्हा आणि किती पोहोचेल, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

इन्सुलिनचं एक मूळचंच काम म्हणजे चरबी साठवायला लावणं. ते जिथे पुनःपुन्हा टोचलं जातं तिथल्या चरबीच्या पेशी फुगतात, वाढतात, हळूहळू तिथे जाडसर गाठ तयार होते. हा औषधातल्या भेसळीचा किंवा कंपनीचा दोष नव्हे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हा तो अर्क इतका अशुद्ध होता की एका बाजूला गळू झालं. पुढे कित्येक दशकं प्राण्यांपासून काढलेल्या इन्सुलिनने कातडीला खड्डे पडायचे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन (माणसाच्या इन्सुलिनसारखंच, पण प्रयोगशाळेत बनवलेलं) बाजारात आलं, शुद्धता वाढली, आणि खड्डे जवळपास नाहीसे झाले. गाठी मात्र राहिल्या. कारण त्या अशुद्धतेमुळे होतच नव्हत्या, त्या खुद्द इन्सुलिनच्या गुणामुळे होतात.

आता तुमच्या ‘दुखत नाही’ या मुद्द्याकडे येते. हे उत्तर लिहायला घेतलं ते खरं म्हणजे त्यासाठी. गाठ झालेल्या भागात संवेदना कमी होते. सुई टोचलेली कळत नाही. साहजिकच माणूस पुन्हा तिथेच टोचतो, गाठ आणखी वाढते, दुखणं आणखी कमी होतं. मी लोकांना इंजेक्शन घ्यायला शिकवते, त्यामुळे ‘इथे मला दुखतच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी तीच जागा तपासते.

तपासायला विशेष काही लागत नाही. बोटांना थोडा साबणाचा फेस किंवा जेल लावायचं आणि पोटावरून, नेहमीच्या जागेच्या बाहेरून आतल्या बाजूला, सावकाश बोटं फिरवत न्यायची. निरोगी भागावरून बोट सरळ घसरत जातं. गाठीच्या कडेशी आलं की ते अडल्यासारखं होतं, खालचा भाग रबरासारखा घट्ट लागतो. मग अंगठा आणि पहिलं बोट यांनी चिमूट धरून पाहायची. चांगल्या जागी पातळ घडी सहज वर येते. गाठीवर ती येतच नाही, नाहीतर जाडजूड येते. काही गाठी डोळ्यांना दिसतात, पण बऱ्याचशा दिसत नाहीत, हातालाच लागतात. उभं राहून एकदा आणि आडवं होऊन एकदा पाहावं. एका गृहस्थांचा हात मीच धरून त्यांच्या पोटावरून फिरवला होता. कडेशी बोट थांबलं तसे ते गप्प झाले, मग स्वतःहून दुसऱ्या बाजूला हात नेऊन पुन्हा या बाजूला आणला. दोन्हींतला फरक त्यांना सांगावा लागला नाही. वर्षानुवर्षं रोज त्याच जागेवर सुई लावत होते, बोटांनी चाचपून मात्र कधीच पाहिलं नव्हतं.

अशा गाठीतून इन्सुलिन कमी शोषलं जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे एकसारखं शोषलं जात नाही. आज उपाशीपोटीची शुगर चढलेली, उद्या विनाकारण उतरलेली. घरचे खाण्याला दोष देतात, डॉक्टर डोस वाढवतात, आणि वाढलेला डोस पुन्हा त्याच गाठीत जातो.

इथे एक इशारा, आणि तो तुमच्याइतकाच इतर सगळ्या वाचकांसाठी आहे. गाठ सापडली म्हणून आज रात्रीच पूर्ण डोस घेऊन दुसरीकडे जाऊ नका. गाठीत अर्धवट शोषला जाणारा डोस निरोगी जागेतून पूर्ण शोषला जातो आणि शुगर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते, तीही झोपेत. डॉक्टरांना फोन करा, गाठ आहे हे सांगा. ते बहुतेकदा डोस कमी करून नवीन जागा सुरू करायला सांगतात आणि काही दिवस शुगर जास्त वेळा तपासायला लावतात. डोस किती कमी करायचा हे मी सांगणार नाही आणि इतर कुणी सांगितलं तरी ऐकू नका. तुमचे आकडे पाहूनच ते ठरतं. गाठीला विश्रांती मिळाली की ती बरेचदा हळूहळू ओसरते, पण त्याला महिने लागतात.

सेमाग्लुटाइड इन्सुलिनसारखं चरबी साठवायला लावत नाही, तेव्हा त्याने गाठ होण्याची भीती तशी नाही. पण तुम्ही ते इन्सुलिनच्याच जागी घेताय, आणि तिथे गाठ असेल तर त्याचंही शोषण बेभरवशाचं होणार. दोन्ही पोटावर घेतली तरी चालतात, फक्त शेजारी शेजारी नकोत. एका सिरिंजमध्ये तर कधीच एकत्र करू नयेत. आणि बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगते: पोटावर टोचल्याने पोट जास्त उतरत नाही. ते औषध रक्तातून मेंदूपर्यंत आणि स्वादुपिंडापर्यंत जाऊन काम करतं. मांडीवर घेतलं तरी परिणाम तोच.

जागा बदलण्याचा नियम फक्त इन्सुलिनवाल्यांसाठी आहे असंही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी ग्लॅटिरॅमर हे औषध घेणाऱ्यांना एकाच जागी वारंवार टोचल्याने कायमचे खड्डे पडू शकतात. एचआयव्हीवरचं एन्फुविर्टाइड हे ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्याच्या चाचण्यांत ९८ टक्के रुग्णांना टोचलेल्या जागी काही ना काही त्रास झाला होता. अशा माणसाला ‘कुठेही घे’ म्हणणं बरं नव्हे.

मग जागा निवडायची कशी? पोटावर बेंबीपासून साधारण पाच सेंटिमीटर अंतर सोडायचं, कारण बेंबीलगतचा भाग चिवट असतो. उरलेल्या भागाचे मनातल्या मनात चार भाग करायचे. एक आठवडा एका भागात, आणि त्या भागातही रोजचं इंजेक्शन कालच्यापासून निदान एक बोट अंतरावर. चार आठवड्यांनी पहिल्या भागाची पाळी परत येते, तोवर तो सावरलेला असतो. आठवड्यातून एकदाच घेणाऱ्याला याहून सोपं: या वेळी उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. आपला हात सवयीने सोयीच्या बाजूलाच जातो, उजव्या हाताने घेणाऱ्यांचं तर ठरलेलंच असतं. म्हणून लक्षात ठेवण्यापेक्षा कॅलेंडरवर एक अक्षर लिहून ठेवलेलं चांगलं.

मांडीवर घ्यायचं तर वरच्या भागात, समोरून थोडं बाहेरच्या अंगाला. आतली बाजू सोडायची, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. दंडाची मागची बाजू चालते, पण एका हाताने चिमूट धरून त्याच दंडावर दुसऱ्या हाताने टोचणं जमत नाही. घरात कुणी मदतीला असेल तरच दंड निवडावा. व्रण, तीळ, काळंनिळं पडलेली किंवा सुजलेली जागा वगळायची.

आता सुईची लांबी. माणूस जाड असो की सडपातळ, मोठ्या माणसाच्या कातडीची जाडी टोचायच्या जागी साधारण दोन ते अडीच मिलिमीटरच असते. त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई जवळपास सगळ्यांना पुरते. ८ मिलिमीटरची सुई सडपातळ माणसाच्या मांडीत सरळ स्नायूत जाऊ शकते. स्नायूतून औषध भराभर शोषलं जातं, त्यात लगेच चालायला गेलात तर आणखीच. लांब सुई असेल तर चिमूट धरायलाच हवी, आणि ती सुई बाहेर काढल्यानंतरच सोडायची. पेनचं (पेनच्या आकाराच्या इंजेक्शनचं) बटण दाबून झाल्यावर माहितीपत्रकात सांगितलंय तेवढे अंक मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची. इन्सुलिनच्या पेनला सहसा दहा मोजायला सांगतात. नंतर जागा चोळायची नाही. सुई दर वेळी नवीन. वापरलेल्या सुईने गाठींचं प्रमाण वाढतं.

हे सगळं वाचून नवीन माणूस घाबरतो, असं तुम्ही म्हणता. माझा अनुभव उलटा आहे. नवीन माणूस सुईला घाबरतो, आणि ‘आज कुठे?’ हे रोज नव्याने ठरवावं लागलं की जास्त घाबरतो. आज खालचा उजवा भाग, एवढं आधीच ठरलेलं असलं की हात कमी थरथरतो. ज्यांना कुणी काहीच सांगितलं नाही, फक्त ‘पोटावर घ्या’ म्हणून पेन हातात दिलं, त्यांच्याच पोटावर मला गाठी सापडतात, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण शिकवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

राहिला गुडघ्याचा प्रश्न. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण वर्णनावरून ते बीपीसी-१५७ असावं. त्याची जागा मी शिकवणार नाही. ते माणसांसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. त्यावरचं बहुतेक काम प्राण्यांवरचं आहे, आणि दुखऱ्या भागाजवळ टोचल्याने माणसांत जास्त गुण येतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. खेळाडूंसाठी तर २०२२ पासून ते वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी असलेल्या यादीत आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेल्या बाटल्यांत नेमकं काय आहे आणि ते निर्जंतुक आहे का, याची हमी कुणी देत नाही. असली बाटली सांध्याजवळ टोचून जंतुसंसर्ग झाला, तर गुडघेदुखी परवडली म्हणायची वेळ येईल. गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि सेमाग्लुटाइड चालू आहे हेही त्यांना सांगा.

तुम्ही सुई किती मिलिमीटरची वापरता आणि रात्रीचं इन्सुलिन कोणतं, हे प्रतिक्रियेत नव्हतं. चाचपून पाहिल्यावर बेंबीच्या डावीकडे काय लागलं ते आणि ही दोन उत्तरं इथे लिहिलीत, तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.